तो कसा गेला, ते सगळ्यांना ठाऊक आहे

आमच्याकडे पितृपक्षातली चतुर्दशी अपघातानं गेलेल्यांची. मरणाची तिथी कुठलीही असो. माणूस रस्त्यावर गेला, विहिरीत पडून गेला, शॉक बसून गेला, की त्याचं पान भाद्रपद वद्य चतुर्दशीला वाढायचं. माझ्या धाकट्या भावाचं पान त्या दिवशी असतं. चुलतभाऊ सगळं मनापासून करतो. आई वांगं सोडून बाकी सगळं रांधते. रीत जुनी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं उरलेल्या वर्षाबद्दल आहे. तरुण माणूस गेला की आपण त्याचं मरण जपून ठेवतो आणि जगणं हातातून सोडून देतो. वीस-पंचवीस वर्षं तो आपल्यात वावरलेला असतो, आणि त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली की आपण शेवटच्या पाच मिनिटांवर येऊन थांबतो.

ती पाच मिनिटं आधीच सांगून टाकते. २०१२ चा जानेवारी. गळीत हंगाम भरात होता. पलूस तालुक्यातल्या आमच्या भागात त्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या वाहनांची रीघ असते, एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यातली एक ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. तो एका मळ्यावर मोटर जोडून मोटारसायकलवरून घरी येत होता. सव्वीस वर्षांचा होता.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजार २२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या या मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातली होती. ट्रॉल्यांना दिवे आणि रिफ्लेक्टर लागलेच पाहिजेत, तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी. हे मी दर दिवाळीला गावात बोलते आणि बोलत राहणार आहे. पण ज्या घरांतली माणसं गेली, त्या घरांत पुढं काय होतं हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

घरात तो बारक्या होता आणि गावात मिस्त्री. मला तो अक्का म्हणायचा. आयटीआयला वायरमनचा ट्रेड करून त्यानं आधी एका दुकानात मोटर रिवाइंडिंगचं काम शिकून घेतलं आणि मग गावच्या स्टँडजवळ स्वतःचा गाळा घेतला. शहरातल्या वाचकांना या धंद्याची फारशी माहिती नसेल. कृष्णाकाठचा ऊस आणि द्राक्षं मोटरीच्या पाण्यावर उभी असतात. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मोटर तीन फेजवर चालते. त्यातला एक फेज मध्येच गेला की उरलेल्या दोघांवर भार येतो, वाइंडिंग तापतं आणि मोटर जळते. मार्च-एप्रिलमध्ये मोटर जळणं म्हणजे उभं पीक धोक्यात. रात्री दोन वाजता दारात बैलगाडी किंवा टेम्पो येऊन थांबायचा आणि हाक यायची, "मिस्त्री, पाचची जळाली." म्हणजे पाच हॉर्सपॉवरची मोटर.

मग ती मोटर खोलायची. जळलेलं वाइंडिंग छिन्नीनं तोडून, तापवून ओढून काढायचं. स्लॉट साफ करून त्यात इन्सुलेशनचा कागद बसवायचा. लाकडी फरम्यावर नव्या तारेचे टर्न मोजत कॉइल तयार करायची, एकेक कॉइल बोटांनी स्लॉटात सरकवायची, बांधायची, वार्निश द्यायचं, सुकवायचं. टर्न मोजताना तो बोलत नसे. कुणी मध्येच काही विचारलं तर डावा हात वर करून गप्प बसवायचा, आणि संपल्यावर विसरायचाही की समोरच्यानं काही विचारलं होतं. त्याच्या दोन्ही अंगठ्यांच्या कडेला तारेनं पडलेल्या बारीक चिरा कायम असायच्या. राखी बांधताना मी त्यावर हळद लावायची आणि तो म्हणायचा, "अक्का, पिवळे हात बघून गिऱ्हाईक विचारतंय, लगीन कधी झालं."

जळलेली तांब्याची तार भंगारात चांगल्या भावानं जाते. बऱ्याच ठिकाणी ती दुकानदाराकडंच राहते. हा ती वजन करून शेतकऱ्याला परत द्यायचा. वडिलांना ते पटत नसे. दुकान घालायला वडिलांनी म्हैस विकली होती, आणि पैसे परत करायचे सोडून पोरगं तांबं वाटत सुटलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची, अबोला व्हायचा, आई दोघांच्या ताटांच्या मध्ये बसून जेवायची. बारक्या शांत स्वभावाचा नव्हताच. एकदा एका माणसानं पैशावरून शिवी दिली, तर यानं जोडलेला स्टार्टर काढून त्याच्या बांधावर फेकला. कामात पक्का, वेळेत कच्चा. "उद्या देतो" हे त्याचं वाक्य सगळ्या शिवाराला पाठ होतं. हंगामात दहा-दहा मोटरी दारात पडलेल्या असायच्या, आणि ज्याचं पीक सगळ्यात जास्त वाळतंय असं त्याला वाटे त्याची मोटर तो आधी घ्यायचा. बाकीचे चिडायचे आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं.

२००५ च्या पुरात तो एकोणीस वर्षांचा होता. जुलैच्या शेवटी कृष्णा पात्राबाहेर आली. पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठच्या जॅकवेलमधल्या, विहिरींवरच्या मोटरी गाळानं भरून बसलेल्या. तेव्हा तो अजून दुसऱ्याच्या दुकानात कामाला होता. पुरात बुडालेली मोटर जळलेली नसते. घाई करून चालू केली तर मात्र जळते. आधी ती खोलून स्वच्छ पाण्यानं गाळ काढावा लागतो, मग आतपर्यंत सुकवावी लागते, मग मेगरनं इन्सुलेशन तपासायचं. बाहेर ऊन नव्हतं. यानं एक पत्र्याचा पिंप आडवा कापला, आत मोठे बल्ब लावले आणि त्यात मोटरी सुकवायला लागला. आमच्या अंगणात पिंपांची रांग लागली. रात्री लांबून अंगण पेटल्यासारखं दिसायचं. ज्यांनी वाट बघायची तयारी दाखवली त्यांच्या मोटरी वाचल्या. गावोगाव फिरून "चालू करू नका, आधी सुकवा" असं सांगायला तो सायकलवरून जात होता, आणि माणसं त्याला वेड्यात काढत होती, कारण तो एकोणीस वर्षांचा होता आणि दाढीही धड आली नव्हती.

हे सगळं मी का सांगतेय? कारण तो गेल्यावर यातलं काहीही कुठं दिसलं नाही.

दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावरचा फोटो एका लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. डोक्यावर फेटा, डोळ्यांवर कुणाचातरी गॉगल. मित्रांनी वर्गणी काढून तो लावला होता, रात्रभर जागून लावला होता, त्यांच्या मायेबद्दल मला काडीची शंका नाही. पुढच्या वर्षी त्याच्या नावानं कबड्डीचा स्मृतिचषक झाला. बारक्या कबड्डी खेळत नसे. आमच्याकडे गावोगाव हेच चालतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, स्टँडवरच्या बाकड्यावर, पाण्याच्या टाकीवर स्मरणार्थ म्हणून तरुण पोरांची नावं आहेत. जन्मसाल, मृत्युसाल आणि फोटो. ती पोरं काय करायची, कशावर चिडायची, कुणाला मदत करायची, यातलं एक अक्षर नाही. दहा वर्षांनी त्या बाकड्यावर बसणाऱ्या मुलाला फक्त एवढंच कळतं की कुणीतरी लवकर गेलं.

घरात तर त्याहून अवघड होतं. येणारी माणसं बोलायची ती अपघाताबद्दल. हेल्मेट होतं का, कुणी आधी बघितलं, दवाखान्यात नेईपर्यंत जीव होता का. नाहीतर "देवालाही चांगलीच माणसं लागतात" म्हणून उठायची. आईला बरं वाटावं म्हणून सगळे पाहुणे तो विषय टाळायला लागले, मग नातेवाइकांनी टाळला, मग आम्हीही. त्याला कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत फार आवडायचं, म्हणून घरात वांगं येणं बंद झालं. माझी मुलं आजोळी जाताना गाडीतच ठरवायची, मामाचं काही विचारायचं नाही. लहान मुलांना कुणी सांगावं लागत नाही, ती घर बघून शिकतात. अशा रीतीनं एका धडधाकट, भांडकुदळ, हसऱ्या माणसाचा आम्ही भिंतीवरचा हार घातलेला फोटो करून टाकला.

दु:ख झाकलं की कमी होतं असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही. माझ्या आईचं दु:ख बारा महिने तेवढंच होतं. फक्त ते बोलायला तिच्याजवळ कुणी राहिलं नव्हतं.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. बऱ्याच शाळांच्या सहली तिथं जातात, मीही माझ्या वर्गाला घेऊन गेले आहे. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, भांडी, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या हजारो वस्तू गोळा केल्या आणि त्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं. इतकं मोठं, इतकं उदार स्मारक महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही. एका बापानं आपल्या पोराच्या नावाखाली सगळ्या प्रदेशाचं घरगुती जगणं आणून ठेवलं. तरी त्या जिन्यावरून उतरताना माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, राजा कसा होता?" मला उत्तर देता आलं नाही. लहान मुलाच्या मनात तो प्रश्न आपोआप येतो. मोठ्यांच्या मनातही येत असणार, आपण तो विचारत नाही इतकंच.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी, ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेले. वय सत्तावीस. मी मराठी शिकवते, आणि बालकवींची कविता फळ्यावर लिहिली की मुलं विचारतात ते रुळांबद्दल. तिथं कसे गेले, का गेले, गाडी दिसली नाही का. पण ठोंबरे काही काळ रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले होते, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात ठोंबऱ्यांना आणलं आहे. ते पुस्तक १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलं, म्हणजे ठोंबरे जाऊन सोळा वर्षं होऊन गेली होती. लक्ष्मीबाईंच्या लिहिण्यात भेटतो तो घरात वावरणारा, लहान मुलासारखा रुसणारा, माया करावी असा पोरगा. महाकवी म्हणून त्यांनी त्याच्या पायावर फुलं वाहिली नाहीत. एका घरात राहिलेल्या बाईला जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. ज्या दिवशी मी वर्गात ठोंबऱ्यांचं ते रूप सांगते, त्या दिवशी रुळांचा प्रश्न येत नाही. समीक्षकांनी बालकवींवर खूप लिहिलं आहे, त्याची किंमत मोठी आहे. पण ठोंबरे नावाचा तरुण आपल्याला मिळाला तो लक्ष्मीबाईंमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

हे करायला लक्ष्मीबाई टिळकच असावं लागतं असं नाही. त्या स्वतः शाळेत न गेलेल्या, घरी अक्षर शिकलेल्या बाई होत्या.

आमच्या घरी बदल झाला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पुन्हा पुरानं. या वेळी पाणी २००५ पेक्षाही वर चढलं. ओसरल्यावर मी गावी गेले तर जो भेटेल तो एकच म्हणत होता, आज मिस्त्री पाहिजे होता. चिखलात उभी राहून माणसं मला सांगत होती, बल्बचा पिंप कसा केला होता, कुणाची मोटर आधी सुकवली, कुणाशी भांडला. सात वर्षांत आमच्या दारात कुणी न बोललेलं सगळं त्या आठवड्यात बाहेर आलं. कुणी हळहळायला आलं नव्हतं, त्यांना खरोखरच तो हवा होता. आई ओसरीवर बसून ऐकत होती. तिनं मध्येच दुरुस्तीही केली: "तीन पिंप नव्हते, पाच होते. एक माझा धान्याचा नेला होता त्यानं."

त्याच्या हाताखाली शिकलेला पोरगा आता ते दुकान चालवतो. त्याच्याकडं बारक्याची वही होती, ती त्यानं मला वाचायला दिली. लाल कापडी पाठीची, लांबट, हिशेबाची असते तशी. प्रत्येक मोटरीची नोंद: किती हॉर्सपॉवर, किती स्लॉट, तारेचा गेज, टर्न, तारेचं वजन. शेतकऱ्याचं नाव क्वचितच; "पिंपळाजवळची विहीर", "वरच्या मळ्यातले तात्या" असं. आणि कडेला बारीक अक्षरात त्याचे शेरे. "दोनदा जळाली, फेज बघायला सांगणे." "जुनं काम चांगलं होतं, कुणी केलं विचारणे." "बाई एकटी आहे, रात्री बोलावलं तर जाणे." दहावीला गणितात नापास होऊन ऑक्टोबरला सुटलेल्या माझ्या भावाची पानंच्या पानं आकडेमोड त्या वहीत आहे, आणि मला ती कुठं चुकलेली दिसली नाही. वही मी परत केली. ती मोटरींची माहिती आहे, दुकानात लागते.

त्यानंतर गावच्या हायस्कूलनं विचारलं, त्याच्या नावानं दहावीत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवाल का. चांगल्या मनानं विचारलं होतं. मी नको म्हटलं. पहिला येणाऱ्या मुलाला बक्षिसं भरपूर मिळतात, आणि त्या बक्षिसाशी बारक्याचं काही नातं नव्हतं. त्याऐवजी आम्ही आयटीआयच्या एका मुलाला दरवर्षी हत्यारांची पेटी देतो: पक्कड, कटर, टेस्टर, स्क्रूड्रायव्हरचा सेट, मल्टिमीटर. कुणाला द्यायची ते निदेशकांनी ठरवायचं, मार्क बघायचे नाहीत, हाताला वळण कुणाच्या आहे ते बघायचं. पेटीत एक पान असतं, त्यावर तो कोण होता आणि काम कसं करायचा ते लिहिलेलं. उशीर करायचा, तेही लिहिलेलं.

माझी सूचना साधी आहे आणि ती मी प्रत्येक अशा घराला करते. तेराव्याला, वर्षश्राद्धाला, चतुर्दशीला माणसं जमतातच. त्या दिवशी एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणा, त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगा, तो कसा गेला ते नको, कसा होता ते सांगा. ज्याला लिहिता येत नाही त्याची गोष्ट घरातल्या पोरानं लिहून घ्यावी. चांगलंच सांगा अशी अट घालू नका. हे लवकर करा, कारण तरुण माणसाला ओळखणारी माणसंही तरुण असतात. ती नोकरीला लांब जातात, लग्न होऊन जातात, आणि त्यांच्याबरोबर तो अर्धा निघून जातो. आईबाप तर म्हातारे होत असतात. शेजाऱ्यांना माझी विनंती आहे की आईसमोर त्याचा विषय काढायला भिऊ नका. ती रडेल. रडू द्यावं. ती तशीही रडते, फक्त न्हाणीघरात.

आमच्या वहीत आता बरंच जमलंय. शेजारच्या मळ्यातल्या म्हातारीनं सांगितलं, एकदा रात्री बोलावलं तर नुसता फ्यूज गेला होता. तो बसवून त्यानं मोजून वीस रुपये घेतले. का घेतले, तर फुकट केलं असतं तर पुन्हा बोलवायला ती लाजली असती. ते तिला तेव्हाच कळलं होतं. एकानं सांगितलं, त्यानं पैसे बुडवले होते आणि बारक्यानं पुढची दोन वर्षं त्याच्या मोटरीला हात लावला नाही.

गेल्या चतुर्दशीला त्याचा एक मित्र आला होता, हल्ली पुण्याला एका कारखान्यात असतो. जेवण झाल्यावर त्यानं सांगितलं, बारक्याचं एका मुलीवर मन होतं. मिरजेला नर्सिंग शिकायची, शनिवारच्या एसटीनं गावी यायची, आणि हा दुकान बंद करून स्टँडवर चहा प्यायला जायचा तो त्याच वेळेला. जात वेगळी होती म्हणून घरात बोलला नाही. वडील खाली बघत बसले. आईनं हातातलं भांडं ठेवलं. कुठल्या गावची, दिसायला कशी, बोलायची का कुणाशी, असं तिनं त्याला एकामागून एक विचारलं, आणि मग ती चिडली. चौदा वर्षांनी आपल्या पोरावर मनापासून चिडली. "मला एकदा सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं व्हय त्याला?" संध्याकाळपर्यंत तिची धुसफूस चालू होती, आणि त्या मित्राला तिनं जेवूनच जा म्हणून रात्रीपर्यंत सोडलं नाही, कारण तिला अजून बरंच विचारायचं होतं.